१० गिगाबिट लिंकवर मधूनच एरर येतात? क्लॉकमधला जिटर स्पेक्ट्रमवर असा शोधा

लक्षणं

लिंक लागलेली असते, दिवा हिरवा असतो, पिंग व्यवस्थित जातो. तरी सीआरसी (डेटा वाटेत बिघडला का ते पकडणारी तपासणी) एररचा आकडा चढत राहतो. कधी तासभर स्थिर, मग एकदम पाच-पन्नास. स्कोपवर आय डायग्राम (एकमेकांवर रचलेल्या बिटांचं चित्र) बघावा तर डोळा चांगला उघडा, म्हणजे सिग्नल ठीक. १०.३१२५ गिगाबिटचे पोर्ट आणि त्यांना १५६.२५ मेगाहर्ट्झचा रेफरन्स क्लॉक असलेल्या बोर्डांवर ही तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. बहुतेक वेळा केबल, मोड्यूल, कधी कधी अख्खी एफपीजीए चिपसुद्धा बदलून झालेली असते.

रेफरन्स क्लॉकच्या तालावर पोर्ट बिट पाठवतो. जिटर म्हणजे त्या क्लॉकच्या कडा ठरल्या वेळेच्या किंचित आधी-नंतर येणं, क्लॉकचं डुलणं. रेफरन्स क्लॉकवर संशय घ्यायचा तो या खुणा दिसल्यावर:

- एका क्लॉकवर चालणाऱ्या सगळ्या लेन (डेटाच्या वेगवेगळ्या वाटा) एकाच सुमारास चुकतात.
- बोर्डाचा स्वतःशीच लूपबॅक केला की तासन्‌तास एकही एरर नाही, समोर दुसरा बोर्ड आला की एरर सुरू. लूपबॅकमध्ये पाठवणारा आणि घेणारा एकाच क्लॉकवर असतात, त्यामुळे क्लॉकचं डुलणं दोघांनाही सारखंच होतं आणि बरंचसं झाकलं जातं.
- केबल आखूड केली तरी एररचा दर तसाच राहतो.
- पंखा वेगात फिरला, शेजारचा पोर्ट चालू झाला किंवा बोर्डावरचा भार बदलला की एरर वाढतात किंवा गायब होतात.

याउलट एकच लेन चुकत असेल आणि बाकीच्या ठणठणीत असतील, तर क्लॉकच्या मागे लागू नका. तो कनेक्टर, ट्रेस किंवा इक्वलायझरचा (वाटेत झिजलेला सिग्नल सावरणाऱ्या सर्किटचा) प्रश्न असतो. लिंक मुळात लागतच नसेल तर तोही जिटर नव्हे. आधी फ्रिक्वेन्सी काउंटरवर क्लॉक मोजा. इथरनेटला ±१०० पीपीएमची (दहा लाखांत शंभर) मुभा आहे, म्हणजे १५६.२५ मेगाहर्ट्झवर जेमतेम १५.६ किलोहर्ट्झ.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. १० गिगाबिट इथरनेटमध्ये एक लाख कोटी बिटांत, म्हणजे १०^१२ बिटांत, एक चूक मान्य आहे. या वेगाला ती सरासरी दर ९७ सेकंदांनी एक होते. चांगले बोर्ड याहून कितीतरी सरस असतात. पण रात्रभरात दोन एरर आले म्हणून कोणी बोर्ड परत पाठवला, तर तो बोर्ड निर्दोष आहे. पीआरबीएस-३१ पॅटर्न (ठरलेला, पण विस्कळीत वाटणारा बिटांचा क्रम) लावून निदान पाच मिनिटं एकही एरर आला नाही, तर ती मर्यादा पाळली जातेय असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. आधी हा आकडा काढा, मग पुढचं.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

फायबरचं टोक पुसा आणि तपासणीच्या भिंगाखाली बघा. हे सांगायची गरज पडू नये, पण "जिटर"च्या तक्रारींत मळकं फायबर नेहमी सापडतं. टोक बघण्याआधी लेझर बंद असल्याची खात्री करा. तो डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करतो. मोड्यूलमधून रिसीव्ह पॉवर वाचा. ती काठावर असेल तर क्लॉक कितीही स्वच्छ असला तरी एरर येणारच.

मग क्लॉक जनरेटर चिपचं कॉन्फिगरेशन वाचून काढा. इथे तीन गोष्टी बघायच्या. पहिली, लॉकचा बिट, म्हणजे क्लॉक ठरल्या फ्रिक्वेन्सीला स्थिर बसलाय का ते सांगणारा. लॉक क्षणभर सुटून परत लागत असेल तर चिकटून राहणारा फ्लॅग, म्हणजे एकदा लागला की पुसेपर्यंत तसाच राहणारा बिट, ते सांगतो. चालू स्थितीचा बिट सांगत नाही. दुसरी, स्प्रेड स्पेक्ट्रम, म्हणजे क्लॉकची फ्रिक्वेन्सी मुद्दाम थोडी हलवत ठेवणं. पीसीआय एक्सप्रेसच्या (संगणकात कार्ड जोडायची बस) १०० मेगाहर्ट्झ क्लॉकला ३० ते ३३ किलोहर्ट्झच्या चालीने अर्धा टक्का खाली ओढायची पद्धत आहे. एकाच चिपमधून दोन्ही क्लॉक निघत असतील आणि चुकून इथरनेटच्या आउटपुटलाही स्प्रेड लागला असेल, तर लिंक धड चालणार नाही. तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त वेळा सापडते आणि सगळ्यांत कमी बघितली जाते: वापरात नसलेली पण चालू राहिलेली आउटपुटं.

१५६.२५ शेजारी कोणी १६१.१३२८१२५ मेगाहर्ट्झ चालू ठेवलेला असतो. १०.३१२५ गिगाबिटला ६४ ने भागलं की हा आकडा येतो आणि काही मोड्यूलना तो लागतो, म्हणून नमुना कॉन्फिगरेशनमध्ये तो असतो आणि तसाच राहून जातो. दोघांतला फरक ४.८८ मेगाहर्ट्झ. चिपच्या आत एकाचा दुसऱ्यावर थोडा जरी परिणाम झाला, तरी स्पेक्ट्रमवर, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती ताकद ते दाखवणाऱ्या आलेखावर, १५६.२५ च्या दोन्ही बाजूंना बरोबर ४.८८ मेगाहर्ट्झवर एकेक रेघ उगवते. जुन्या टेलिकॉम उपकरणांत १५५.५२ मेगाहर्ट्झ असतो, तिथे फरक ७३० किलोहर्ट्झ. नको असलेली आउटपुटं रजिस्टरमधून बंद करा आणि पीआरबीएस परत चालवा. सोल्डरिंग आयर्न गरम करायच्या आधीच काही बोर्ड इथेच सुटतात.

चिपमधला डिव्हायडर अपूर्णांकात चालत असेल तर तो पूर्णांकात आणता येतो का तेही बघा. अपूर्णांकी डिव्हायडर स्वतःच्या रेघा पाडतो आणि त्या कुठल्याही फिल्टरने नंतर निघत नाहीत.

आजूबाजूचं एकेक बदला

ही पायरीही फुकटच आहे, फक्त धीर लागतो. पंखा हाताने थांबवू नका, त्याचा कनेक्टर काढा आणि तापमानावर लक्ष ठेवून दोन मिनिटं चालवा. क्रिस्टल कंपनाला दाद देतो. बोर्ड थरथरला की फ्रिक्वेन्सी त्या तालावर डुलते. मोठे सिरॅमिक कपॅसिटरही कंपनाने व्होल्टेज निर्माण करतात. एरर पंख्याबरोबर गेले तर क्रिस्टल ऑसिलेटर कुठे बसवलाय ते बघा, बहुधा पंख्याच्या स्क्रूच्या शेजारीच असतो.

मग भार बदला. रिकाम्या बोर्डावर एरर आणि भरल्यावर नाहीत, असं उलटं चित्र दिसलं तर स्विचिंग रेग्युलेटर कमी भाराला पल्स गाळायला लागलाय असं समजा. त्या अवस्थेत रिपल (पुरवठ्यावरची लहर) वाढतो आणि त्याची फ्रिक्वेन्सी एका जागी राहत नाही. बऱ्याच रेग्युलेटरना कायम पीडब्ल्यूएममध्ये (एका ठरल्या फ्रिक्वेन्सीच्या चालीवर) ठेवणारी पिन असते. ती नसेल तर ३.३ व्होल्टच्या रेलवर ४७ ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर जोडून बघा. जवळपास ७० मिलिअँपचा भार येतो आणि बऱ्याच रेग्युलेटरना परत नियमित चालीवर यायला तेवढा पुरतो.

आता अ‍ॅनालायझर

इथपर्यंत दोष सापडला नसेल तर स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर काढा. स्कोप का नको, असं नेहमी विचारलं जातं. चांगल्या रिअल-टाइम स्कोपचा स्वतःचा जिटर शंभर फेम्टोसेकंदांच्या (०.१ पिकोसेकंदाच्या) घरात असतो आणि आपल्याला त्याच घरातली गोष्ट मोजायची असते. पीसीआय एक्सप्रेसने रेफरन्स क्लॉकची मर्यादा तिसऱ्या पिढीत १ पिकोसेकंद, चौथीत ०.५ आणि पाचवीत ०.१५ पिकोसेकंद आरएमएसवर (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) आणली आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्कोप किती जिटर आहे ते सांगतो, आणि स्पेक्ट्रम तो कुठे आहे ते सांगतो. दुरुस्ती करणाऱ्याला "कुठे" हवं असतं.

हे कळायला लिंकमधली दोन लूप डोळ्यांपुढे आणा. पाठवणाऱ्या बाजूचा पीएलएल (रेफरन्सच्या तालाला धरून वेगवान क्लॉक बनवणारं सर्किट) रेफरन्स क्लॉकचं हळू डुलणं पुढे जाऊ देतो आणि त्याच्या बँडविड्थबाहेरचं वेगवान डुलणं अडवतो. घेणाऱ्या बाजूची क्लॉक रिकव्हरी, म्हणजे सीडीआर, नेमकं उलटं करते: हळू डुलण्याच्या मागे मागे ती स्वतः डुलते, त्यामुळे ते लागत नाही, वेगवान डुलणं तिला पकडता येत नाही आणि ते सगळं एरर म्हणून अंगावर येतं. १० गिगाबिट इथरनेटच्या मोजमापात ही सीमा ४ मेगाहर्ट्झला धरतात. म्हणजे खरा धोका मधल्या पट्ट्यात: साधारण १ मेगाहर्ट्झपासून ते पाठवणाऱ्या पीएलएलची बँडविड्थ संपते तिथपर्यंत.

आकड्यात बघू. कॅरियर म्हणजे मूळ क्लॉकची उंच रेघ, आणि स्पर म्हणजे तिच्या बाजूला उभी राहिलेली रेघ. स्पर कॅरियरपेक्षा किती डीबी खाली आहे ते डीबीसीमध्ये वाचायचं. त्यावरून जिटर काढायचं सूत्र असं:

आरएमएस जिटर = वर्गमूळ (२ × १०^(डीबीसी ÷ १०)) ÷ (२ × पाय × क्लॉकची फ्रिक्वेन्सी)

१५६.२५ मेगाहर्ट्झवर -६० डीबीसीची रेघ म्हणजे १.४४ पिकोसेकंद. दर २० डीबीला दहापट फरक, म्हणून -८० ला ०.१४४. हे दोन आकडे पाठ असले की बाकीचं तोंडी जमतं.

आता समजा कॅरियरपासून १०० हर्ट्झवर -४५ डीबीसीची रेघ दिसतेय. सूत्राप्रमाणे तब्बल ८ पिकोसेकंद. स्क्रीनवर ती इतकी उंच दिसते की बघणारा हमखास तिच्याच मागे लागतो. पण १०० हर्ट्झला सीडीआर डोळे झाकून पकडते आणि या रेघेमुळे एक बिटही चुकत नाही. दुसरीकडे ४.८८ मेगाहर्ट्झवर -५८ डीबीसीची बारीकशी रेघ आहे: १.८ पिकोसेकंद आरएमएस, टोकापासून टोकापर्यंत ५.१. एक बिट ९७ पिकोसेकंदांचा, त्यातला ५ टक्के वाटा हिने खाल्ला. सीडीआरपाशी तिचा तीन चतुर्थांश भाग शिल्लक राहतो. पाठवणाऱ्या पीएलएलने ती आधीच अडवली नसेल, तर एरर आणते ती ही बारीक रेघ. म्हणून स्पेक्ट्रमवर पहिली नजर उंचीवर जाऊ देऊ नका, कॅरियरपासूनच्या अंतरावर जाऊ द्या.

जोडणी

क्लॉक डिफरन्शियल (दोन तारांवर एकमेकांच्या उलट) असतो आणि त्याच्यावर डीसीही असतं. अनेक अ‍ॅनालायझरच्या इनपुटला डीसी चालत नाही, आणि पुढचा मिक्सर जळाला तर खर्च बोर्डाच्या किमतीपेक्षा जास्त येतो. म्हणून ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर मध्ये घालायचाच. उत्तम म्हणजे बलून (दोन तारांचा सिग्नल एका तारेवर आणणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) वापरून दोन्ही तारा एकत्र घ्याव्यात. बलून नसेल तर एक तार अ‍ॅनालायझरला आणि दुसरी तशाच कपॅसिटरमधून ५० ओहमला. एकच तार घेऊन दुसरी मोकळी सोडली तर दोन्ही तारांवर सारखाच असलेला नॉईज मोजला जातो, जो रिसीव्हरला दिसतच नाही.

चालू लिंकवर मोजायचं असेल तर स्वस्तातला प्रोब असा: पातळ कोअ‍ॅक्सच्या मधल्या तारेला ९५३ ओहमचा छोटा रेझिस्टर, त्याचं मोकळं टोक रिसीव्हरजवळच्या पॅडवर आणि कोअ‍ॅक्सची जाळी जवळच्या ग्राउंडला, जितकी आखूड जमेल तितकी. डीसीसाठीचा कपॅसिटर इथेही विसरायचा नाही. सिग्नल २६ डीबीने खाली येतो. एलव्हीडीएसच्या (कमी व्होल्टेजचा डिफरन्शियल सिग्नल) एका तारेवर मूळ फ्रिक्वेन्सीला साधारण -३ डीबीएम असतं, ते -२९ होईल. रेघा शोधायला एवढं भरपूर आहे. नॉईजची पातळी मोजायला मात्र पुरत नाही, कारण अ‍ॅनालायझरचा स्वतःचा नॉईज वर येतो.

दिसलेली प्रत्येक रेघ खरी मानू नका. आधी अ‍ॅटेन्युएटर १० डीबीने वाढवा. रेघ कॅरियरच्या तुलनेत खाली-वर झाली तर ती अ‍ॅनालायझरच्या आत तयार होतेय. मग बोर्ड बंद करून केबल तशीच जोडलेली ठेवा. रेघ अजून आहे? मग ती हवेतून येतेय. पीसीआय एक्सप्रेसवाल्यांना हे फार भोवतं, कारण त्यांचा १०० मेगाहर्ट्झचा क्लॉक ८८ ते १०८ च्या एफएम पट्ट्याच्या मधोमध आहे. पुण्यात विविध भारती १०१ मेगाहर्ट्झवर लागते. जाळी नीट न लावलेल्या प्रोबवर ती कॅरियरपासून बरोबर १ मेगाहर्ट्झवर उभी राहते, आणि माणूस १ मेगाहर्ट्झला चालणारा रेग्युलेटर शोधत बसतो.

शेवटी एखाद्या स्वच्छ सोर्सवर, चांगल्या सिग्नल जनरेटरवर किंवा ओसीएक्सओवर (गरम ठेवून स्थिर केलेला क्रिस्टल ऑसिलेटर), हेच मापन करून अ‍ॅनालायझरची तळरेषा नोंदवा. ती तुमच्या क्लॉकच्या किमान १० डीबी खाली हवी, मग चूक अर्ध्या डीबीच्या आत राहते. दोन्ही सारख्या असतील तर वाचन ३ डीबी जास्त येतं आणि त्यावर काही ठरवता येत नाही.

रेघा वाचणं

स्पॅन (स्क्रीनवर दिसणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) आधी १० मेगाहर्ट्झ, मग १ मेगाहर्ट्झ, मग १०० किलोहर्ट्झ, मग २ किलोहर्ट्झ असा आत आत येत जा, आणि प्रत्येक वेळी रिझोल्यूशन बँडविड्थ (किती जवळच्या रेघा वेगळ्या दिसतील ते ठरवणारं सेटिंग) कमी करा. दिसणारी प्रत्येक रेघ अंतरासकट वहीत उतरवा. घराच्या पत्त्यावरून माणूस शोधावा तसा या अंतरावरून दोषी शोधायचा. माझ्या वहीतले नेहमीचे पत्ते असे.

५० आणि १०० हर्ट्झ: मेनचा पुरवठा. पण ६००० आरपीएमच्या पंख्याचाही ताल १०० हर्ट्झच असतो, तेव्हा पंख्याचा वेग बदलून बघा. मेनची रेघ जागची हलत नाही. ८ किलोहर्ट्झ: यूएसबी हाय-स्पीड, त्याची मायक्रोफ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची असते. ३० ते ३३ किलोहर्ट्झ: शेजारच्या क्लॉकचा स्प्रेड स्पेक्ट्रम. १२८ किलोहर्ट्झ आणि त्याचे गुणक: डीडीआर मेमरीचा रिफ्रेश, दर ७.८ मायक्रोसेकंदांनी होणारा. मेमरीच्या रेलवरून हा क्लॉकपर्यंत पोचतो आणि फार कमी जणांना सुचतो. ३०० किलोहर्ट्झ ते सव्वादोन मेगाहर्ट्झ: स्विचिंग रेग्युलेटर, कुठला ते त्याच्या डाटाशीटमधल्या फ्रिक्वेन्सीवरून कळतं, आणि भार किंवा इनपुट व्होल्टेज हलवल्यावर रेघ किंचित सरकली तर नक्कीच. एका जागी न थांबणारा, रुंद उंचवटा: पल्स गाळणारा रेग्युलेटर. याहून दूरच्या रेघांसाठी बोर्डावरच्या सगळ्या क्लॉकची यादी करा आणि एकमेकांतून वजा करा.

अंतराइतकीच महत्त्वाची खूण म्हणजे जोडी. कॅरियरच्या डाव्या-उजव्या बाजूंना सारख्या उंचीच्या दोन रेघा असतील तर कॅरियर खरोखर मॉड्युलेट होतोय. एकाच बाजूला रेघ असेल तर बाहेरचा सिग्नल नुसता येऊन मिळालाय. मात्र असा मिळालेला सिग्नल एखाद्या क्लॉक बफरमधून गेला की बफर त्याची जोडी करतो, प्रत्येक रेघ ६ डीबी कमी उंचीची. म्हणून एकटी रेघ दिसली तर घुसखोरी शेवटच्या बफरनंतर झालीय: ट्रेसवर, कनेक्टरवर किंवा तुमच्याच प्रोबवर. जोडी दिसली तर ती बफरच्या आत किंवा त्याच्या आधी. एवढ्या एका निरीक्षणाने बोर्डाचा अर्धा भाग संशयातून सुटतो.

साधा अ‍ॅनालायझर अँप्लिट्यूडचं आणि फेजचं मॉड्युलेशन वेगळं दाखवत नाही. रिसीव्हर आधी सिग्नल कापून चौकोनी करतो, त्यामुळे अँप्लिट्यूडचा बराचसा भाग त्याला लागत नाही. शंका असेल तर क्लॉक एका चांगल्या बफरमधून काढून परत मोजा. जोडी बरीच खाली गेली तर ती बहुतांशी अँप्लिट्यूडची होती.

रेघा नाहीत, पण कॅरियरच्या आजूबाजूची जमीनच, म्हणजे नॉईजची पातळी, वर आलीय असंही दिसतं. तेव्हा नॉईज मार्कर वापरा. जुन्या अ‍ॅनालायझरवर तो नसेल तर १ किलोहर्ट्झ बँडविड्थच्या वाचनातून ३० डीबी वजा करून दर हर्ट्झचा आकडा काढा, आणि लॉग सरासरी चालू असेल तर त्यात अडीच डीबी मिळवा, कारण ती सरासरी नॉईज तेवढा कमी दाखवते. अंदाजाला एक आकडा: १२ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ सपाट -१५० डीबीसी प्रतिहर्ट्झ असेल, तर १५६.२५ वर २०४ फेम्टोसेकंद होतात. -१४० असेल तर ६४४. असा विखुरलेला जिटर १०^-१२ च्या हिशेबात चौदापट धरायचा, म्हणजे ६४४ फेम्टोसेकंद ९ पिकोसेकंदांची जागा खातात.

सोल्डरिंग आयर्न

जोडी दिसली आणि पत्ता रेग्युलेटरचा निघाला, तर आधी एक प्रयोग करा: ऑसिलेटरच्या पुरवठ्यातला फेराईट बीड (नॉईज अडवणारा छोटा घटक) उचला आणि त्याला बॅटरीवरून, छोट्या एलडीओमार्फत (स्विचिंग न करणारा रेग्युलेटर), वेगळं ३.३ व्होल्ट द्या. ग्राउंड बोर्डाचंच राहू दे. रेघ गेली तर दोष पुरवठ्याचा, राहिली तर सिग्नलच्या वाटेचा. हा प्रयोग न करता कपॅसिटर बदलत बसण्यात दिवस जातात.

पुरवठ्याचा दोष असेल तर मी सगळ्यांत आधी तो बीडच बघतो. बीड आणि त्यामागचा सिरॅमिक कपॅसिटर मिळून एक एलसी सर्किट होतं. १ मायक्रोहेन्री आणि १० मायक्रोफॅरॅड यांचा अनुनाद ५० किलोहर्ट्झला येतो. त्यातही छोट्या आकाराच्या सिरॅमिक कपॅसिटरवर डीसी आलं की त्याची क्षमता छापील आकड्याच्या निम्म्याहूनही खाली जाऊ शकते. १० चे ४ राहिले तर अनुनाद ८० किलोहर्ट्झला, १ राहिला तर १६० ला. त्या जागी रिपल कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. बसवणाऱ्याने फिल्टर म्हणून बसवलाय, पण नेमक्या नको त्या फ्रिक्वेन्सीला तो अँप्लिफायर झालाय. उपाय सोपा आहे: त्या कपॅसिटरला समांतर ४७ किंवा १०० मायक्रोफॅरॅडचा, अर्ध्या ओहमच्या आसपास ईएसआर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) असलेला टँटलम लावा. तो रेझिस्टन्सच अनुनाद मोडतो, म्हणून इथे कमी ईएसआरचा भारी कपॅसिटर लावू नका. ऑसिलेटरला एलडीओ आधीच आहे म्हणूनही निश्चिंत राहू नका. डाटाशीटच्या पहिल्या पानावर ६०-७० डीबीचा रिपल रिजेक्शन असतो तो बहुधा १ किलोहर्ट्झचा. १ मेगाहर्ट्झला त्यातला २०-३० डीबी उरला तरी पुष्कळ.

पुरवठा स्वच्छ असेल तर टर्मिनेशन तपासा. बोर्डावर १०० ओहम लावलेला आहे आणि एफपीजीएच्या आतलाही चालू आहे, असं दुहेरी टर्मिनेशन नेहमीच सापडतं. सिग्नल चालतो, पण उंची घटते आणि कडा मंदावतात. मंद कड्याने नॉईजचं जिटरमध्ये रूपांतर होतं: १ व्होल्ट प्रति नॅनोसेकंदाच्या कड्यावर १ मिलिव्होल्ट नॉईज म्हणजे १ पिकोसेकंद, कडा निम्म्या वेगाचा झाला की २ पिकोसेकंद. एक रेझिस्टर काढला की जमीन खाली जाते.

सर्डेसच्या आउटपुटवर

सर्डेस म्हणजे चिपमधलं, डेटा एकापाठोपाठ बिटांत पाठवणारं आणि घेणारं सर्किट. क्लॉक निर्दोष निघाला आणि एरर तसेच, तर ६ गिगाहर्ट्झच्या वर जाणारा अ‍ॅनालायझर लागेल. ट्रान्समीटरला १०१० पॅटर्न पाठवायला लावा. डेटा नाहीसा होतो आणि आउटपुटवर ५.१५६२५ गिगाहर्ट्झचा नुसता क्लॉक मिळतो. हा रेफरन्सच्या बरोबर ३३ पट, म्हणून रेफरन्सवरची रेघ पीएलएलच्या बँडविड्थमध्ये असेल तर इथे ३०.४ डीबीने उंच दिसायला हवी. तिथे -८०, तर इथे -५० च्या आसपास. पिकोसेकंद तेवढेच राहतात, फक्त फ्रिक्वेन्सी वाढल्याने डीबीसी वाढतात. हे न कळल्याने चांगले बोर्ड नापास केले जातात.

-५० च्या जागी -४४ आलं तर पीएलएल त्या ठिकाणी फुगतोय; बँडविड्थचं सेटिंग बदलून बघा. रेफरन्सवर अजिबात नसलेली रेघ इथे असेल तर दोष सर्डेसच्या अ‍ॅनालॉग रेलमध्ये. १०१० पॅटर्नवर डेटामुळे येणारा जिटर दिसत नाही, तेव्हा इथेही सगळं स्वच्छ असेल तर क्लॉकचा नाद सोडा आणि चॅनेलकडे वळा.

कुठे थांबायचं

मर्यादा काहीशे फेम्टोसेकंदांची असेल, रेघा नसतील आणि जमीनच मोजायची असेल, तर साधा अ‍ॅनालायझर पुरेसा नाही. रोड अँड श्वार्झचं एफएसडब्ल्यूपी किंवा कीसाईटचं ई५०५२बी यांसारखं फेज नॉईज अ‍ॅनालायझर लागतं. ते दोन स्वतंत्र वाटांनी मोजून क्रॉस-कोरिलेशन करतं आणि स्वतःचा नॉईज खाली ढकलतं: शंभरदा केलं की १० डीबी. हे विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका. ते असलेल्या लॅबमध्ये बोर्ड घेऊन जा, आणि निकाल ग्राहकाला किंवा निविदेला द्यायचा असेल तर लॅबला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे ना आणि ती याच मापनाची आहे ना, ते विचारा. तिथे १२ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झचा एकच आकडा घेऊन परत येऊ नका. तो पट्टा सोनेटच्या (टेलिकॉमचं फायबरवरचं मानक) २.४८८ गिगाबिट लिंकसाठीच्या मापनातून आलाय. तुमच्या लिंकच्या पीएलएल आणि सीडीआरचा फिल्टर लावून काढलेला आकडा मागा, स्पर धरून आणि स्पर वगळून, दोन्ही.

दोष सर्डेसच्या रेलमध्ये असेल आणि ती रेल बीजीएच्या (पोटाखाली सोल्डरच्या गोळ्या असलेली चिप) खालून जात असेल, तर हॉट एअर हातात घेऊ नका. ते रीवर्क स्टेशन आणि एक्स-रे असलेल्याचं काम. घुसखोरी ट्रेसमधून असेल, म्हणजे क्लॉकचा ट्रेस रेग्युलेटरच्या इंडक्टरखालून गेला असेल, तर बोर्डावर इलाज नाही. लेआउट करणाऱ्याला गाठा. मेनवरच्या एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) प्रायमरी बाजूला प्रोब लावू नका, तिथे कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं आणि बंद केल्यावरही काही काळ टिकतं. दुसरं युनिट लावून बघा, एवढंच. उपकरण वैद्यकीय असेल किंवा वॉरंटीत असेल तर कपॅसिटरसुद्धा बदलू नका, निर्मात्याला कळवा.

चिप कंपनीच्या अ‍ॅप्लिकेशन इंजिनियरला लिहिताना नुसतं "जिटर जास्त आहे" लिहिलं तर उत्तरात डाटाशीट येते. सोबत एवढं पाठवा: क्लॉक चिपचा पूर्ण रजिस्टर डंप, वेगवेगळ्या स्पॅनचे स्क्रीनशॉट, प्रत्येकावर रिझोल्यूशन बँडविड्थ आणि अ‍ॅटेन्युएशन दिसेल असे, स्वच्छ सोर्सवरची तळरेषा, प्रोब कुठे आणि कसा लावला त्याचा फोटो, बॅटरीवरच्या प्रयोगाचा निकाल, आणि पीआरबीएस किती वेळ चालवून किती एरर आले तो आकडा.